पुणे आवृत्तीत भरती-ओहोटीच्या वेळा छापा, आम्हाला समुद्र रंगवायचाय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय वाचून वाटेल की मुंबई आवृत्तीचं पत्र चुकून पुण्यात आलं, पण तसं नाहीये, मागणी पुणे आवृत्तीसाठीच आहे. पावसाळ्यात तुम्ही रोज खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशा चारही धरणांचा साठा छापता, पंचांग छापता, सोन्याचा भाव छापता, तर दर शुक्रवारी-शनिवारी श्रीवर्धन, हरिहरेश्वर, हर्णै या बाजूच्या भरती-ओहोटीच्या वेळाही दोन ओळीत छापा एवढंच म्हणणं आहे. लाँग वीकेंडला ताम्हिणीत गाड्यांची जी रांग लागते ती बघितली तर या वेळा किती जणांना लागतात ते वेगळं सांगायला नको. पण मी पर्यटक म्हणून लिहीत नाहीये. मला समुद्र रंगवायचाय, लाटा आणि खडकांसकट, आणि पुण्यात राहून ते शिकताना जे जे कळत गेलं त्यातून ही मागणी निघालीय. त्यामुळे पत्र जरा लांबणार आहे, कापायचं असेल तर मधलं कापा, मागणी ठेवा.

मी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालो, म्हणजे आयुष्य पाण्यात गेलं असं म्हणायला हरकत नाही, आणि आता पेठेतल्या एका हॉबी क्लासला संध्याकाळी ॲक्रिलिक शिकतो. अशा क्लासेसचं सध्या पुण्यात पीक आलंय, सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, कॅफेत, कुणाच्या गच्चीवर, दोन तासांत सीस्केप म्हणजे समुद्राचं चित्र, मटेरियल आमचं, चहा-बिस्किटं फुकट. पद्धत सगळीकडे साधारण तीच. समोर एक प्रिंट लावलेली असते, त्यात एक भलीमोठी निळी लाट, टोक वळलेलं, खाली दोन काळे दगड, मागे गुलाबी आकाश. आधी मोठ्या फ्लॅट ब्रशनं आकाश, मग मास्किंग टेप लावून क्षितिजाची रेघ, मग लाटेचा निळा, मग फॅन ब्रशला टायटॅनियम व्हाइट लावून टप टप टप टप फेस, शेवटी टूथब्रशनं तुषार. खडक म्हणजे पॅलेट नाइफनं ओढलेला ट्यूबमधला काळा. आणि कोकण वाटावं म्हणून कोपऱ्यात एक माड. जेवढे जण बसलेत तेवढ्या कॅनव्हासवर एकच लाट त्याच जागी फुटते. मी शिकवणाऱ्यांना नावं ठेवत नाहीये, ब्रश कसा धरायचा, रंग ओला असताना काय करायचं नि वाळल्यावर काय, हे मी तिथंच शिकलो, आणि तो टेपचा प्रकार तर फारच कामाचा, कारण क्षितिज केसभर जरी कललं तरी सगळा समुद्र एका बाजूला सांडायला लागतो. पण आमच्या क्लासमध्ये एक काकू आहेत, माहेर हर्णैचं, त्या ती प्रिंट बघून म्हणाल्या, "हा समुद्र कुणाकडचा? आमच्याकडचा नव्हे." सगळे हसले. मी पण हसलो, पण डोक्यातून ते गेलं नाही.

कारण काकूंचं खरंच आहे. आपल्या कोकणात किनाऱ्याजवळचं पाणी बहुतेक वेळा हिरवट-मातकट असतं, खाड्यांमधून गाळ येतो, तळाची वाळू ढवळून वर येते, पावसाळ्यात तर सरळ तपकिरी. त्यासाठी थॅलो ब्ल्यूची ट्यूब रिकामी करायची काही गरज नाही, व्हिरिडियन (हिरवा), रॉ सिएना (मातकट पिवळा) आणि थोडा अल्ट्रामरीन (निळा) एवढ्यात आपला समुद्र होतो. लांबचं पाणी आकाशाचा रंग घेतं कारण तिथं आपली नजर तिरपी पडते आणि पाणी वरचं आकाश परत फेकतं, पायाशी मात्र नजर सरळ आत जाते म्हणून तिथं पाण्याचा आणि तळाचा रंग दिसतो. एवढं एक लक्षात ठेवलं तरी समुद्र आडवा पसरतो, नाहीतर भिंतीला निळा डिस्टेंपर मारल्यासारखा उभा राहतो.

आता लाट. इथं मला नोकरीतलं थोडं कामी आलं. समुद्रावर लाट येते तेव्हा पाणी येत नाही, आकार येतो. लाटेवर तरंगणारा नारळ बघा, वर जातो, थोडा पुढं येतो, खाली जातो, थोडा मागं जातो, जवळपास जागच्या जागी गोल फिरतो आणि लाट त्याच्या खालून निघून जाते. किनारा जवळ आला की खोली कमी होते, लाटेचा वेग कमी होतो, मागची पुढचीला गाठायला बघते, उंची वाढते, आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण १.३ पटीवर आली की ती फुटते. म्हणजे मीटरभर उंचीची लाट छातीएवढ्या पाण्यात फुटणार. तीच तुम्ही पाऊलभर पाण्यात उभी केलीत की ज्यानं समुद्र बघितलाय त्याला ते खटकणारच, का खटकतंय ते त्याला सांगता नाही आलं तरी.

आणि ती कशी फुटणार तेही तळ ठरवतो. दिवेआगर, श्रीवर्धन अशा पसरट वाळूच्या किनाऱ्यावर उतार मंद असतो, तिथं लाट बहुतेक वेळा वळून नळी वगैरे करत नाही, माथ्यावरचा फेस पुढच्या अंगावरून घरंगळत येतो आणि बराच वेळ घरंगळतच राहतो. ती कॅलेंडरवरची गोल वळलेली लाट हवी तर तळ एकदम चढणारा हवा. खडकाशी अजून निराळं, तिथं लाट कधी कधी फुटतच नाही, नुसती चढते किंवा थाडकन आदळून वर उडते आणि मग परत येते. हे परत येणं आमच्या क्लासच्या चित्रात कधी नसतं. अहो खडकावर गेलेलं पाणी कुठंतरी जायला नको का! ते भेगांमधून ओघळतं, कडेवरून पातळ पडदे होऊन पडतं, खळग्यात फेस गोल गोल फिरत बसतो, आणि परतणारं पाणी पुढच्या लाटेच्या पायाशी भिडलं की ती लाट अजून उभी होते. मला विचाराल तर खडकांचं सीस्केप जमलं की नाही ते या परतीच्या पाण्यावर ठरतं, वर उडालेले तुषार काय कुणीही टूथब्रशनं उडवेल.

विन्स्लो होमर नावाचा अमेरिकन चित्रकार, तो १८८३ मध्ये मेन राज्यात प्राउट्स नेक इथं समुद्राकाठी राहायलाच गेला आणि मग शेवटपर्यंत तिथंच राहून लाटा आणि खडक काढत बसला. त्याचं १८९५ चं नॉर्थईस्टर नावाचं चित्र आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. त्यात आधी खडकावर वादळात दबकून बसलेली दोन माणसं होती, चित्र लोकांना दाखवूनही झालं होतं, आणि नंतर त्यानं ती माणसं रंगवून बुजवून टाकली, राहिला नुसता खडक आणि पाणी. आम्ही उलटं करतो. चित्र रिकामं वाटलं की माड, तरी रिकामं वाटलं की होडी.

उजेडाचं पण सांगतो कारण मागणीचा मुद्दा तिथूनच सुरू होतो. लाट फुटायच्या आधी माथ्याजवळ पातळ होते, आणि मागून ऊन आलं तर तेवढा पट्टा आतून हिरवा उजळतो, सीस्केप शिकणारे सगळे याच्यासाठीच मरतात. पण ऊन लाटेच्या मागून यायला हवं ना. आपला किनारा पश्चिमेचा, लाटा पश्चिमेकडून, म्हणजे सूर्य लाटेमागे जाणार तो दुपार कलल्यावर. सकाळी ऊन आपल्या पाठीमागून, सह्याद्रीवरून येतं, तेव्हा फेस झगझगीत दिसतो, खडकांचा रंग स्वच्छ दिसतो, पण तो आतला हिरवा उजेड नाही मिळत. आमच्यातल्या एकानं मागे सूर्य आणि पुढं पेटलेली हिरवी लाट काढून चित्राला कोकणातली पहाट असं नाव दिलं. ओडिशात पुरीला चालेल ते, गुहागरला नाही.

फेस पांढरा नसतो हे तर कुणी सांगतच नाही. ऊन पडलंय तिथंच पांढरा, आणि तिथंही टायटॅनियम व्हाइटमध्ये यलो ओकरचा जरासा कण घातला तर बरा दिसतो. लाटेच्या पोटाखाली, सावलीत, फेस निळसर-जांभळट करडा असतो, अल्ट्रामरीन, किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि मग पांढरा. सगळा करडा आधी करून घ्यायचा आणि शुद्ध पांढरा अगदी शेवटी, चार ठिकाणी, तो पण मोजून. फुटून गेल्यावर पाण्यावर फेसाची जाळी पसरते, तिच्यातली भोकं पायाशी मोठी आणि गोलसर, लांब जाईल तशी बारीक आणि चपटी, आम्ही सगळीकडे एकसारखी काढतो म्हणून पाणी पडद्यावरच्या नक्षीसारखं दिसतं. आणि ॲक्रिलिकवाल्यांनी एप्रिल-मेमध्ये पुण्यात तुषार आणि धुकं करायच्या भानगडीत पडायचं असेल तर स्प्रे बॉटल हातात ठेवावी, इथली कोरडी हवा अशी की रंग कॅनव्हासवर जायच्या आधी पॅलेटवर वाळतो आणि मऊ कड करायची राहून जाते. जुलैत तेच काम निवांत होतं. जलरंगवाल्यांचं बरोब्बर उलट, पावसाळ्यात कागद वाळता वाळत नाही, पण त्यांना खरखरीत कागदावर कोरडा ब्रश नुसता आडवा फिरवून पाण्यावरची चमक फुकटात मिळते, त्याबद्दल मला त्यांचा थोडा हेवा वाटतो.

आता खडक. इथं पुणेकरांनी रडायचं काहीच कारण नाही, कारण समुद्र नसला तरी खडक तोच आहे! हरिहरेश्वरचा काळा खडक आणि आपल्या वेताळ टेकडीचा खडक दोन्ही बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, ज्याला दख्खनचा ट्रॅप म्हणतात. सकाळी फिरायला टेकडीवर जाणारे हजारो लोक आहेत, त्यातल्या चित्र काढणाऱ्यांनी तिथल्या जुन्या खाणीपाशी स्केचबुक घेऊन बसावं. उभ्या भेगा, आडवे थर, ताज्या तुटलेल्या जागी निळसर काळा आणि जुन्या उघड्या अंगावर तांबूस तपकिरी, काही दगड कांद्यासारखे पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटत गेलेले, मधे मधे झिओलाइट या खनिजाचे पांढरे ठिपके. यातलं काहीच ट्यूबमधल्या काळ्यानं येत नाही. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन मिसळून जो गडद होतो तो घ्या, तो एका बाजूला उबदार नि एका बाजूला थंड करता येतो, काळा नुसता भोक पाडतो. कापलेला बेसाल्ट कसा दिसतो ते बघायचं तर जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वर आहेच, आठव्या शतकातलं, सावलीत बसायला जागा आहे आणि कुणी उठवत नाही. आणि खडक ओला झाल्यावर काय होतं ते बघायला टेकडीवर पाण्याची बाटली ओता, सोपं आहे. ओला दगड दोन-तीन शेड गडद होतो, पण त्याच्या वरच्या सपाट अंगावर मात्र आकाश उतरतं आणि तो कोरड्यापेक्षा उजळ दिसतो, कडेला गडद नि माथ्यावर उजळ, हे एकाच दगडावर. एवढं जमलं की दगड ओला आहे हे सांगायला वर पांढरे ठिपके मारायला लागत नाहीत.

समुद्राकाठी त्यात भर पडते ती पट्ट्यांची. सगळ्यात खाली शेवाळ, मग कालवं चिकटलेला खरबरीत पट्टा, मग वरचा कोरडा खडक. मिठानं नि पाण्यानं खाल्लेली जाळी, भोकं भोकं, ती हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर बघावी, असलं काही टेकडीवर मिळणार नाही. खाली रत्नागिरीकडे गेलात की जांभा सुरू होतो, लाल, सच्छिद्र, तिथं सगळी पॅलेटच बदलते, बर्न्ट सिएना वर येतो आणि हिरवट पाण्याशेजारी तो लाल इतका छान दिसतो की आमच्या क्लासमध्ये अजून कुणी तो का काढला नाही कळत नाही.

लाटांचा सराव पण पुण्यात होतो, हसू नका. खडकवासल्यातून विसर्ग वाढवला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि अख्खं गाव बघायला येतं, त्या गर्दीत वरच्या पुलावर सुरक्षित उभं राहून (झेड ब्रिजवर ज्यांची आधीच जागा धरलेली असते त्यांना त्रास न देता) खाली बघा. पाणी खडकावरून किंवा बांधावरून उतरतं तिथं एक लाट उभी असते, ती हलतच नाही! नदीत पाणी पुढं जातं आणि लाट जागच्या जागी, समुद्रात लाट पुढं येते आणि पाणी जागच्या जागी. शिकणाऱ्याला नदीतली लाट फार सोयीची, ती मॉडेलसारखी उभी राहते, तिचा माथा, पोट, फेस कुठून सुटतो, सावली कुठं पडते हे निवांत काढता येतं, आणि मग समुद्राकाठी गेलं की डोळ्याला काय शोधायचं ते माहिती असतं.

आणि खरीखुरी समुद्राची लाट पण आपल्याकडे आहे. खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनची संस्था, तिथं देशभरातल्या बंदरांची, धक्क्यांची छोटी मॉडेल्स करून त्यावर लाटा सोडून बघतात. लांब हौदाच्या एका टोकाला यंत्रावर हलणारी फळी असते, ती पुढंमागं झाली की लाट निघते, पाहिजे त्या उंचीची, पाहिजे तेवढ्या सेकंदांनी, आणि दुसऱ्या टोकाला मांडलेल्या दगडांवर जाऊन आदळते. तीच लाट, त्याच दगडावर, पुन्हा पुन्हा! चित्रकाराला अजून काय हवं. मी हे नोकरीनिमित्त बघितलंय आणि तेव्हा नुसते आकडे लिहून घेतले कारण तेव्हा ब्रश हातात नव्हता. अशा ठिकाणी चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या पोरांना, अभिनवसारख्या कॉलेजातल्या मुलांना वर्षातून एखाद दिवस रीतसर परवानगीनं नेता आलं तर बघावं, तुमच्या पेपरनं शब्द टाकला तर वजन पडेल.

काही जण म्हणतील एवढं कशाला, मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या आणि घरी येऊन पॉज करून काढा. मी पण व्हिडिओ घेतो. पण कॅमेरा एक तर पाण्याचा थेंब न थेंब गोठवतो नाहीतर शटर लांब ठेवलं तर सगळ्या समुद्राचा धूर करतो, आणि माणसाचा डोळा यातलं काहीच बघत नाही. डोळा एक लाट पूर्ण बघतो, सुरुवात ते शेवट, आणि त्यातलं थोडंसं ठेवतो. आयवाझोव्स्की (१८१७–१९००) हा क्रिमियातल्या फिओदोसिया गावचा चित्रकार, आयुष्यभर समुद्र काढला, हजारोंनी चित्रं आहेत, तो समुद्राची चित्रं स्टुडिओत बसून आठवणीतनं करायचा, त्याचं म्हणणंच होतं की हलणारं पाणी समोर बसून ब्रशनं पकडता येत नाही. त्याची १८५० ची नववी लाट बघा, समोर सूर्य, आणि लाटांचे माथे आतून उजळलेले, मघाशी म्हणालो तेच. आपल्याकडे ग्रेड परीक्षेला स्मरणचित्राचा पेपर असायचा, आम्ही सगळ्यांनी त्यात जत्रा नि बसस्टॉप काढलेत, ती सवय मोडली ती मोडलीच. मी आता असं करतो की एकच खडक धरायचा, त्यावर येणाऱ्या लाटा नुसत्या बघत बसायचं, मग समुद्राकडे पाठ न करता, मान खाली घालून, काय झालं ते चार रेघांत. दोन लाटांमध्ये आठ-दहा सेकंद मिळतात, त्यात तेवढंच होतं आणि तेवढं पुरतं.

पाठ न करता हे मुद्दाम लिहिलं, आणि आता मागणीकडे येतो. खडकावर बसून चित्र काढायचं तर पाणी कधी चढणार हे माहिती नसून कसं चालेल? हरिहरेश्वरच्या त्या खडकांवर भरतीत अडकून, लाटेनं ओढून नेल्याच्या बातम्या तुम्हीच छापता, त्यात पुण्याकडची माणसं असतात. हर्णैच्या काकूंना वेळ विचारायला लागत नाही, त्यांच्या वडिलांनी शिकवलेला हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. कृष्ण पक्षात परत प्रतिपदेपासून. दिवसाला भरती साधारण ५० मिनिटं पुढं सरकते म्हणून हे गणित बसतं, थोडं इकडंतिकडं होतं, पण अंदाजाला पक्कं. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी.

आता हे उजेडाशी जोडून बघा. संध्याकाळचं मागून येणारं ऊन हवंय आणि पाणी खडकापर्यंत यायला हवंय, तर पौर्णिमेला जाऊन उपयोग नाही, कारण भरती दुपारीच होऊन गेली, पाच-साडेपाचला पुरी ओहोटी, पाणी लांब आणि खडक उघडे, तो दिवस खडकांच्या अभ्यासाचा, डबक्यांचा, शेवाळाच्या पट्ट्यांचा. लाटा हव्या असतील तर षष्ठी ते अष्टमी, साडेचार ते सहाच्या दरम्यान भरती, नेमकी उजेडाची वेळ, आणि तेव्हा भांगाची भरती असल्यामुळे पाणी फार वर चढत नाही, बसणाऱ्याला त्यातल्या त्यात बरं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला दुपारी खडकावर जाऊच नये, लांबून वरच्या वाटेवरून बघावं, आणि पावसाळ्यात तर कुठल्याच तिथीला जाऊ नये, स्थानिक लोक नको म्हणतात तेव्हा वाद घालू नये, मुंबईत साडेचार मीटरच्या वरची भरती असली की टीव्हीवर बातमी होते ती काही उगाच नाही. माझ्यासारखे पुण्यातले बहुतेक जण सुट्टी आहे म्हणून जातात, तिथी बघून कुणी जात नाही, आणि मग एक तर समुद्र सापडत नाही नाहीतर नको तेवढा सापडतो.

भरती-ओहोटीची कोष्टकं भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी काढतो, मुंबईचे पेपर वेळा छापतात, म्हणजे नवीन काही शोधायचं नाहीये. पंचांगाच्या चौकोनात तिथी तुम्ही छापताच, तिच्या खाली भरती अमुक वाजता, ओहोटी तमुक वाजता, आणि सूर्यास्त, एवढं आलं की चित्र काढणारे, पोरंबाळं घेऊन जाणारे, गळ टाकणारे, सगळ्यांचीच सोय होईल. जागेची अडचण असेल तर शनिवारच्या राशिभविष्यातली एखादी रास चार ओळींनी कमी करा. फक्त मेष नको, ती घरात वाचली जाते.

आपला,
एक जुना वाचक
सहकारनगर, पुणे
(नाव छापू नये, क्लासला अजून जायचंय)